टॉप गिअर कधी टाकावा?

ॲव्हरेज वाढावं म्हणून पंचविशीच्या वेगालाच चौथा गिअर टाकून मोकळे होणारे पुष्कळ लोक दिसतात. वरच्या गिअरला पेट्रोल कमी लागतं हे खरंच आहे. पण ते कमी का लागतं हे कळलं, की कुठे थांबायचं तेही कळतं.

समोर स्प्लेंडरसारखी साधी गाडी धरू. 97.2 सीसी, एकच सिलिंडर, चार गिअर. तिच्या चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच पेट्रोल पेटतं. मिनिटाला 3,000 फेऱ्या होत असतील तर सेकंदाला 25 स्फोट. प्रत्येक फेरीत पिस्टनच्या रिंगा घासतात, ऑइल पंप फिरतो, व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात, आणि या सगळ्याचं भाडं पेट्रोलमधूनच जातं. शिवाय खालच्या गिअरमध्ये रेस जेमतेम उघडलेली असते, त्यामुळे इंजिनाला नाक दाबून श्वास घ्यावा तशी हवा ओढावी लागते. त्यातही ताकद वाया जाते. त्याच वेगाला वरचा गिअर टाकला की फेऱ्या कमी होतात, रेस थोडी जास्त उघडते आणि दोन्हीकडची बचत होते.

आता याच्या पलीकडे जाऊ. फेऱ्या 1,500 पर्यंत उतरल्या की सेकंदाला जेमतेम बारा-तेरा स्फोट. सिलिंडर एकच, म्हणून दोन स्फोटांमधला वेळ गाडीला नुसत्या फ्लायव्हीलच्या जोरावर काढावा लागतो. तो वेळ लांबला की गाडी हिसके देते. हे हिसके चेन, स्प्रॉकेट आणि मागच्या चाकातल्या रबरांवर बसतात. अशात आपण रेस पिळली तर पिस्टन सावकाश सरकत असतो आणि वर दाब मात्र मोठा असतो. मग उरलेलं मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटतं आणि ठोके ऐकू येतात. ऑइल पंपही इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतो, म्हणजे भार सर्वांत जास्त असताना ऑइल मंद फिरत असतं. दहा-वीस रुपयांचं पेट्रोल वाचवताना इंजिनाचं काम निघतं ते असं.

बहुतेक 100-125 सीसीच्या गाड्या सपाट रस्त्यावर साधारण 3,000 ते 5,000 फेऱ्यांत सुखाने चालतात. पण फेऱ्या मोजणारा काटा सगळ्याच गाड्यांना नसतो, आणि माझ्या मते त्यावाचून अडतही नाही. चालत्या गाडीत रेस किंचित पिळायची. गाडीने न थरथरता वेग घेतला तर गिअर बरोबर. फूटरेस्टमध्ये धडधड जाणवली, गाडी कण्हत पुढे सरकली, तर एक गिअर पाडायचा. उलट इंजिन किंचाळायला लागलं तर वरचा टाकायचा. डबलसीट असताना किंवा समोरून वारा असताना हाच बदल थोडा उशिरा होणार, हे ओघानेच आलं.

पहिला गिअर फक्त गाडी जागची हलवायला. सिग्नलला थांबताना तिथपर्यंत उतरून यावं. दुसऱ्यावर हाफ क्लच धरून उठवली की क्लच-प्लेटी जळतात. सकाळी इंजिन गार असताना पहिले एक-दोन किलोमीटर रेस जपून द्यावी.

खरी परीक्षा घाटात. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढायचा तर गाडीचा दम जाईपर्यंत वाट बघू नये. वेग पडायला लागला की लगेच गिअर पाडावा. एकदा गाडी मेली की वळणावर, मागे ट्रक असताना, दोन-दोन गिअर पाडण्याची धावपळ होते. आणि उतारावर न्यूट्रल कधीच नको. 2020 च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले आणि बहुतेक मोटरसायकलींना फ्युएल इंजेक्शन आलं. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून रेस पूर्ण सोडली, की वेग असेपर्यंत इंजेक्टर सहसा पेट्रोल बंदच करतो; चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबून ड्रम तापला की ऐन वेळी ब्रेक कमी लागतो. चढायला जो गिअर लागला, साधारण तोच उतरायला ठेवावा.

उद्या कामावर जाताना मोकळ्या रस्त्यावर, टॉप गिअरमध्ये, रेस एकदा हलकीच पिळून बघा. गाडी थरथरली तर एक गिअर खाली या.