तासाचा भाव आधी, गाडीचा नंतर

सोलापुरात विजापूर रोड, होटगी रोड किंवा जुळे सोलापूर, कुठेही जा, वॉशिंग सेंटर शोधत फिरावं लागत नाही. तरीही दारात येऊन गाडी आतून-बाहेरून लख्ख करून देणारा माणूस लोकांना हवा असतो. डॉक्टर, व्यापारी, घरी म्हातारी माणसं असलेली कुटुंबं यांना रविवारची सकाळ सेंटरवर घालवायची नसते. हे काम सुरू करणारा तरुण पहिल्यांदा काय करतो, तर जवळच्या सेंटरचा बोर्ड वाचतो आणि त्यात पन्नास-शंभर रुपये वाढवून आपला भाव सांगतो. गणित फसतं ते इथेच. सेंटरवाल्याकडे गाडी चालत येते. त्याच्या रॅम्पवरून एक उतरली की दुसरी चढते. तुम्ही मात्र पाणी, पंप, व्हॅक्यूम घेऊन गाडीकडे जाता. त्याचा भाव त्याच्या रॅम्पचा आहे, तुमचा भाव तुमच्या तासातून निघायला हवा.

महिन्याचा खर्च मांडा

खालचे आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. आपापले आकडे घालून हीच बेरीज करायची. प्रेशर पंप, व्हॅक्यूम, पॉलिशिंग मशीन, छोटा जनरेटर, २०० लिटरची टाकी आणि पाइप असं साहित्य ६०,००० रुपयांचं. ते तीन वर्षं टिकेल असं धरलं, तर महिन्याला साधारण १,७०० रुपये घसारा. जुनी व्हॅन २ लाखांना घेतली आणि पाच वर्षांनी ८०,००० ला विकली, तर महिन्याला २,००० रुपये झिजले. विमा, टायर, सर्व्हिसिंगचे आणखी २,०००. पंपाची दुरुस्ती, नवी फडकी, ब्रश यांचे १,३००. फोन आणि जाहिरातीचे १,०००. इथपर्यंत ८,००० झाले. मदतनिसाचा पगार १२,००० धरू.

यापुढची ओळ बहुतेक जण लिहीतच नाहीत. ती म्हणजे स्वतःचा पगार. ‘उरेल ते आपलं’ म्हटलं, की उरत काहीच नाही. घर चालवायला २५,००० लागतात, तर ते खर्चातच धरायचे. एकूण ४५,००० झाले.

विकता येणारे तास किती?

महिन्याचे २५ दिवस काम ठरवलं, तरी पावसाचे, आजारपणाचे आणि नुसतेच रिकामे गेलेले दिवस वजा केले की २२ धरणं बरं. दिवसाचे नऊ तास घराबाहेर गेले, तरी त्यात जाणं-येणं, टाकी भरणं, सामान मांडणं-आवरणं, फोनवर पत्ता विचारणं हे सगळं येतं. गाडीवर प्रत्यक्ष हात चालतो तो पाचेक तास. म्हणजे महिन्याला ११० तास.

पण हे सोलापूर आहे. मार्च ते मे पारा चाळिशीच्या आसपास असतो. उन्हात उभ्या गाडीच्या टपावर शाम्पू लावला, तर धुवायच्या आत तो वाळतो आणि त्याचे ओघळ रंगावर तसेच राहतात. त्यामुळे या दिवसांत काम सकाळी लवकर, नाहीतर ऊन कलल्यावर. दुपार गेलीच. दिवसाचे पाचाचे चार तास होतात आणि महिन्याचे ८८. तीन महिने ८८ आणि नऊ महिने ११० धरले, तर सरासरी साधारण १०४ तास. ४५,००० ला त्याने भागलं की तासाला ४३० रुपये पडतात. हा दोन माणसांच्या जोडीचा तासाचा भाव. उन्हाळ्यात दर वाढवून गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा उन्हाळ्याची तूट वर्षभराच्या दरात अशी मुरवून टाकावी.

तासावरून गाडीचा भाव

आता लहान गाडीचं साधं काम घेऊ: बाहेरून फोम वॉश, आत व्हॅक्यूम, डॅशबोर्ड, काचा, टायर. दोघांना सव्वा तास लागतो. त्याचे ५३७ रुपये. शाम्पू, पॉलिश, पाण्याचे ६०. गावातल्या गावात जाऊन-येऊन ८ किलोमीटर धरले, व्हॅन लिटरला १२ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर ७० रुपये. बेरीज ६६७. त्यावर १५ टक्के धंद्याचा नफा. पंप जळाला, काम बुडालं, नवं मशीन घ्यायचं झालं तर कामाला येतो तो हाच पैसा. भाव निघाला ७७० रुपये.

हा आकडा सेंटरच्या बोर्डाशेजारी ठेवला की तोंड उतरतं. पण त्यातूनच एक गोष्ट कळते: एकाच गाडीच्या साध्या धुण्यात सेंटरशी भावाची बरोबरी करणं फिरत्या माणसाला परवडत नाही. वाटा दोनच. एकतर एका ठिकाणी दोन-चार गाड्या मिळवा, नाहीतर सेंटरवर घाईत होत नाही असं काम विका.

पहिली वाट बघा. एका सोसायटीत दुसरी गाडी मिळाली, तर जाण्याची आणि सामान मांडण्याची साधारण ४० मिनिटं वाचतात. त्यांचे २८७ आणि पेट्रोलचे ७० मिळून ३५७ रुपये होतात. त्यातले १५० गिऱ्हाइकाला सोडले, तरी तुमचं भलंच होतं, फक्त वाचलेल्या वेळेत दुसरं काम भरायला हवं. सवलत द्यायची ती अशी, खर्च जिथे खरोखर वाचला तिथे.

दुसरी वाट आतल्या सखोल सफाईची. सीट, छत, दारांच्या फटी, बेल्ट, मॅट, डिकी. लहान गाडीला साडेतीन तास, म्हणजे १,५०५ रुपये. साहित्य २००, पेट्रोल ७०. नफा धरून २,०५० रुपयांपर्यंत जातं. सात सीटच्या गाडीला पावणेपाच तास आणि साहित्य २६० धरलं की २,७५० च्या आसपास. मोठ्या गाडीचा भाव ‘थोडा जास्त’ असा अंदाजाने सांगू नये. एक सीटची रांग वाढली की किती वेळ वाढतो, ते घड्याळ लावून बघावं.

गाडी किती मळली आहे?

एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांना एकच वेळ लागत नाही. बँकेत जाऊन येणारी गाडी वेगळी. शेतावर जाणाऱ्या गाडीच्या चाकांच्या कमानीत काळी माती थरावर थर वाळलेली असते. तुळजापूर-अक्कलकोट करून आलेल्या गाडीत सीटवर हळद-कुंकू आणि फटींत चुरमुरे सापडतात. लग्नातून आलेल्या गाडीवर सजावटीच्या चिकटपट्टीचा गोंद असतो. सगळ्यात वाईट म्हणजे दाराच्या आतल्या बाजूला उडालेली गुटख्याची पिचकारी. कापडात मुरलेला तो डाग दोनदा-तीनदा घासूनही पूर्ण निघेलच असं नाही.

म्हणून दरपत्रकात तीन पायऱ्या ठेवाव्यात: साधी, मळलेली, फार मळलेली. वरच्या प्रत्येक पायरीला जितका वेळ जास्त, तितके पैसे जास्त. फोनवर भाव सांगण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो मागवावेत: पुढची सीट, मागची सीट, डिकी आणि चालकाच्या पायाखालची मॅट. मॅटचा फोटो बहुतेक वेळा खरं बोलतो. दारात गेल्यावर भाव वाढवला की भांडण होतं, फोटो बघून सांगितला की होत नाही.

पाण्याचा हिशेब

उजनी धरणाचं पाणी शहरात रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. साठवून ठेवलेल्या पाण्यातलं गाडीसाठी मागितलं, तर घरातल्या बाईंच्या कपाळाला आठी पडणारच. पाणी आपलं आपण न्यावं आणि तसं दरपत्रकावर ठळक लिहावं. पंपाच्या बंदुकीचा खटका दाबून-सोडून पाणी जपून वापरलं, तर एका लहान गाडीला ७०-८० लिटर पुरतं. म्हणजे २०० लिटरच्या टाकीत दोन गाड्या होतात. तिसरीसाठी टाकी कुठे भरायची, हे आदल्या रात्रीच ठरलेलं असावं. ती फेरीसुद्धा तुमच्या तासातूनच जाते.

बोअरचं पाणी क्षाराचं. ते गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके उठतात, काळ्या गाडीवर तर लांबूनही दिसतात. टप आणि बॉनेटवर शेवटचा हात आरओच्या पाण्याचा फिरवावा. एक जार त्याला पुरतो आणि जारचे पैसे साहित्यात धरावेत. फडक्यांतही असाच हिशेब आहे. चाकं, दाराच्या चौकटी आणि मॅट पुसायला सोलापुरी टॉवेल उत्तम, धुऊन धुऊन पुन्हा वापरता येतो. रंगावर मात्र मायक्रोफायबरच, आणि जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी पुन्हा रंगाला लावायचं नाही.

रबिंग-पॉलिशला वेगळा नियम

इथे वेळेइतकीच जोखीम मोजावी लागते. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. प्रत्येक रबिंगमध्ये त्यातला थोडा निघून जातो आणि तो परत येत नाही. ओरखड्यावरून नख फिरवावं. नख अडकलं, तर ओरखडा पॉलिशने जाणार नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं. आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर करून दाखवावं, मग पूर्ण गाडीचा भाव बोलावा. सावलीची जागा नसेल तर हे काम घेऊ नये, कारण तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड वाळून बसतं. कोटिंगच्या कामात साहित्य महाग असतं, म्हणून त्याचे पैसे आगाऊ घ्यावेत.

गावाबाहेरचं काम

अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर. जाऊन-येऊन ८० किलोमीटरचं पेट्रोल ७०० रुपये आणि दोन तासांचे ८६०. प्रवासाचेच १,५६० झाले. एका गाडीसाठी एवढे कोणी देत नाही आणि मागूही नयेत. ‘चार गाड्या जमवा, प्रत्येकी ३९० प्रवासाचे पडतील’ असं सांगितलं, की लोक आपणहून शेजाऱ्यांना विचारतात. शहरातही पत्त्याप्रमाणे वार ठरवून घ्यावेत: एक दिवस होटगी रोड, एक दिवस जुळे सोलापूर. दिवसातून दोनदा गाव ओलांडायला लागलं की पाचाचे चार तास उन्हाळा नसतानाही होतात.

घासाघीस

“शेजारच्या सेंटरला तीनशेत होतंय की!” हे ऐकावंच लागतं. त्यावर भाव कमी करू नये, काम कमी करावं. “तीनशेत नाही जमणार, काका. पाचशेत फक्त बाहेरून करून देतो, आतलं पुढच्या वेळी बघू.” यात गिऱ्हाइकाचा मान राहतो आणि तुमच्या तासाचा भावही. एकदा ७७० चे ५०० केले, की त्या सोसायटीत तुमचा भाव ५०० हाच.

खंडेनवमी-दसरा आणि दिवाळी पाडवा या दिवसांत सगळ्यांनाच गाडी पूजेआधी चकचकीत हवी असते. त्या आठवड्यात दर वाढवला तर लोक वर्षभर लक्षात ठेवतात. सवलती तेवढ्या बंद ठेवाव्यात, आगाऊ रक्कम घेऊन वेळ द्यावी आणि पहिला मान बारा महिन्यांच्या गिऱ्हाइकाला द्यावा.

जीएसटीची भीती सुरुवातीला नको. सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. नोंदणी नसताना मात्र बिलात जीएसटी लावायचा नाही.

शेवटचं काम वहीचं. प्रत्येक गाडीपुढे दोन आकडे लिहावेत: किती वेळ लागेल असं वाटलं आणि किती लागला. महिन्याभरात दिसतं की फोम वॉशचा अंदाज बरोबर येतोय, पण सात सीटच्या गाडीत दर वेळी पाऊण तास जास्त जातोय. मग सगळे दर हलवायची गरज नसते, तो एकच बदलायचा. मदतनिसाचा पगार किंवा पेट्रोल वाढलं, की वरची बेरीज पुन्हा मांडावी आणि नवा दर जुन्या गिऱ्हाइकांना महिनाभर आधी कळवावा. काही जण सुटतील. पण सुटलेला माणूस तासाला ४३० च्या खालीच पैसे देत होता का, हे वहीत बघावं. देत असेल, तर ती वेळ दुसऱ्या गाडीला द्यायला मोकळी झाली.