अमन लॉज : डोंगरमाथ्यावरचे छोटे स्थानक

आमच्या वाचकांपैकी अनेकांनी मुलाबाळांसह माथेरानच्या छोट्या गाडीतून प्रवास केला असेल. पण ही गाडी एका मुस्लिम उद्योजक घराण्याने स्वतःच्या पैशातून सुरू केली, हे किती मुलांना ठाऊक आहे?

सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतील बोहरा समाजाचे मोठे उद्योजक. माथेरानला जायचे तर त्या काळी नेरळहून घोडा, पालखी किंवा आपले पाय एवढाच आधार होता. डोंगरावर रेल्वे नेण्याचे काम त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी अंगावर घेतले. 1904 मध्ये बांधकाम सुरू झाले आणि 1907 च्या मार्चमध्ये गाडी धावू लागली. खर्च आला सुमारे 16 लाख रुपये. पीरभॉय कुटुंबाने तो उचलला. रुळांमधील अंतर जेमतेम दोन फूट. चढ काही ठिकाणी असा की वीस फूट पुढे जाताना एक फूट वर चढावे लागते. डोंगर फोडण्याऐवजी त्याच्या कडेकडेने वळणे घेत हा मार्ग नेला, म्हणून वाटेत बोगदा फक्त एकच आहे.

नेरळहून निघालेली गाडी जुम्मापट्टी, वॉटर पाईप अशी स्थानके घेत अमन लॉजला येते. फलाट लहान, भोवती झाडी, माकडांचा वावर. मात्र माथेरानकरांसाठी हे स्थानक फार मोलाचे आहे. जवळच दस्तुरी नाका आहे आणि पर्यटकांच्या मोटारींना तिथेच थांबावे लागते. पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या शटल गाडीने जायचे. गुडघे दुखणाऱ्या आजीला आणि कडेवर तान्हे मूल असलेल्या आईला शटलची किंमत विचारावी.

पावसाळ्यात दरडींच्या भीतीने नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद ठेवतात, तेव्हाही शटल चालू असते. पाऊस हा या मार्गाचा जुना शत्रू. 26 जुलै 2005 च्या अतिवृष्टीत मार्ग उद्ध्वस्त झाला आणि 2007 मध्ये गाडी पुन्हा धावली. 2019 च्या पावसानेही रूळ वाहून नेले. नेरळहून गाडी पुन्हा सुटायला 2022 चा ऑक्टोबर उजाडला.

गाडी नसते तेव्हा ओझे माणसाच्या अंगावर येते. माथेरानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी माणसांना हातरिक्षात बसवून ओढले. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून ती बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. निर्णय योग्यच आहे. पण ज्यांनी आयुष्यभर घाम गाळला त्यांच्याच हाती नवी रिक्षा पडली पाहिजे, तरच त्यांच्या घरची चूल पेटती राहील.

सुट्टीत माथेरानला गेलात तर मोटारीने थेट दस्तुरीपर्यंत जाण्यापेक्षा, शक्य असल्यास नेरळहूनच गाडीत बसा. वेळ दोन तासांहून अधिक लागेल. तेवढ्यात मुलांना अब्दुल हुसेन पीरभॉय यांची हकिकत सांगून होते.