दम लागतो म्हणजे वय झालंच, असं नाही: श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम घरी कसा करावा

घरातली दादी किंवा अम्मी चढण चढताना थांबली, छातीला हात लावून उभी राहिली, की आपल्याकडे एक उत्तर तयार असतं: "आता वय झालं." भोर आणि वेल्हे भागात हे वाक्य जरा जास्तच ऐकू येतं, कारण इथं सपाट रस्ता कमी आणि चढ जास्त. पण दम लागण्यामागे वयाशिवाय बरीच कारणं असतात. त्यातलं एक कारण आपण फारसं लक्षात घेत नाही, ते म्हणजे श्वास घेणारे स्नायू कमजोर होणं. हाता-पायांच्या स्नायूंसारखेच हे स्नायूही व्यायामाने मजबूत होतात, अगदी साठीनंतरही. ते कसं, कुणी करावं आणि कुठं डॉक्टरकडेच जावं, हे या लेखात समजून घेऊ.

श्वास कोण घेतं?

आपण म्हणतो, फुफ्फुसं श्वास घेतात. खरं तर फुफ्फुसांना स्वतःहून फुगता येत नाही. छाती आणि पोट यांच्या मध्ये घुमटासारखा एक पातळ, रुंद स्नायू असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. तो आकसला की खाली सरकतो, छातीतली जागा वाढते आणि हवा आत ओढली जाते. बरगड्यांच्या मधले स्नायू त्याला मदत करतात. शांत बसल्यावर श्वासपटल साधारण एक-दीड सेंटिमीटर हलतं. खोल श्वासात त्याच्या कितीतरी पट. श्वास सोडताना ते सैल पडतं आणि हवा आपोआप बाहेर जाते.

मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. १५ धरले तरी दिवसाला २१,६०० होतात. इतकं काम करणारा स्नायू कमजोर कसा होईल, असं वाटेल. पण दिवसभर बसून, वाकून, वरवरचा छातीनेच श्वास घेतला तर या स्नायूला पूर्ण ताकदीने काम करायची वेळच येत नाही. वय, लांबलेलं आजारपण आणि फुफ्फुसांचे जुनाट आजार यांनीही तो थकतो. मग चढावर पाय थकण्याआधी श्वास थकतो.

खेड-शिवापूरचा दगड आणि एक दम

पुण्याहून कापूरव्होळमार्गे भोरला येताना खेड-शिवापूरला हजरत कमर अली दरवेश यांचा दर्गा लागतो. तिथला दगड आपल्यापैकी अनेकांनी उचलला असेल. अकरा जण गोल उभे राहतात, प्रत्येक जण एक बोट दगडाखाली लावतो आणि सगळे मिळून एका दमात बाबांचं नाव पुकारतात. करामत म्हणून त्याकडे पाहणाऱ्यांच्या श्रद्धेत आम्हाला पडायचं नाही. पण 'एका दमात' ही अट श्वासाचं शास्त्र समजून घ्यायला फार उपयोगाची आहे. एकाच दमात पुकारलं की अकरा जणांचा जोर एकाच क्षणी लागतो. शिवाय मोठ्याने पुकारताना पोटाचे आणि छातीचे स्नायू घट्ट होतात, धड स्थिर राहतं आणि हाताला आधार मिळतो.

म्हणजे श्वासपटलाकडे दोन कामं आहेत. एक हवा आत ओढण्याचं, दुसरं पोटाच्या स्नायूंबरोबर कंबर आणि पाठ सावरण्याचं. पाण्याचा हंडा, गॅसची टाकी, भाताचं पोतं उचलताना हेच स्नायू कामी येतात. बीपी किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी मात्र वजन उचलताना दम कोंडून ठेवू नये. उचलताना श्वास सोडावा.

धुराचा प्रश्न आधी

आपल्या भागात श्वासाचा विषय धुराशिवाय पूर्ण होत नाही. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी राब भाजला जातो. फांद्या, पालापाचोळा, शेण जळतं. घरात गॅस असला तरी पाणी तापवायला आणि मोठ्या जेवणाला चूल पेटतेच. पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद आणि सरपण ओलं, त्यामुळे धूर आणखी वाढतो.

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये काम करताना डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स या ब्रिटिश डॉक्टरांसोबत २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक महत्त्वाचा लेख लिहिला. ज्यांनी आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढली नाही, अशांनाही सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुनाट आजार मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यामागे चुलीचा धूर हे फार मोठं कारण आहे, हे त्यांनी मांडलं. आपल्या घरातल्या बायका विडी ओढत नाहीत, म्हणून त्यांच्या खोकल्याकडे कुणी गांभीर्याने बघत नाही. नुकसान नेमकं इथंच होतं.

मच्छरची कॉइलही साधी नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्याइतके बारीक धूलिकण निघतात, असं आढळलं होतं. बंद खोलीत कॉइल लावून झोपायचं आणि सकाळी श्वासाचा व्यायाम करायचा, याला काही अर्थ नाही. मच्छरदाणी लावा. चूल शक्यतो उघड्यावर ठेवा, सरपण वाळवून वापरा, राब भाजताना लहान मुलांना आणि दम्याच्या रुग्णांना लांब ठेवा.

घरी करता येणारे तीन प्रकार

पहिला, पोटाने श्वास. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा. एक हात छातीवर, दुसरा पोटावर ठेवा. नाकाने सावकाश श्वास घ्या. पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळजवळ स्थिर. मग हळूहळू श्वास सोडा. सुरुवातीला पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. जमू लागलं की बसून, मग चालताना करा. जेवण झाल्या झाल्या करू नका.

दुसरा, ओठ आवळून श्वास. नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्या. मग दिवा फुंकताना करतो तसे ओठ करून चार अंक मोजत सोडा, पण जोर लावू नका. सीओपीडीमध्ये श्वास सोडताना बारीक नळ्या लवकर मिटतात आणि जुनी हवा आत अडकते. ओठ आवळल्याने नळ्या थोड्या जास्त वेळ उघड्या राहतात. चढावर दम लागला की बसून हेच करावं.

तिसरा, संथ श्वास. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पाच मिनिटं पुरे. हा मनासाठी विशेष उपयोगी आहे.

चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या, तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

मनाशी संबंध

परीक्षेच्या दिवसांत वर्गात आम्ही पाहतो, काही मुलं पेपर हातात येण्याआधीच भराभर श्वास घेऊ लागतात. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटं बधिर होतात आणि मूल आणखी घाबरतं. अशा वेळी "मोठा श्वास घे" म्हणण्यापेक्षा "हळू सोड" असं सांगावं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, आणि लांब श्वास सोडल्याने शरीराला शांत होण्याचा इशारा मिळतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महिनाभर रोज पाच मिनिटं असा लांब श्वास सोडण्याचा सराव करणाऱ्यांचं मन अधिक प्रसन्न राहिल्याचं दिसलं. सतत उदासी, झोप उडणं, जीव नकोसा वाटणं असेल तर मात्र व्यायामावर विसंबू नये, डॉक्टरांशी बोलावं.

तीन बॉलचं यंत्र आणि दुसरं यंत्र

कोरोनाच्या काळात अनेक घरांत तीन बॉलचं यंत्र आलं आणि नंतर कपाटात पडून राहिलं. ते फुंकायचं नसतं, नळीतून हवा आत ओढायची असते. त्यावरचे ६००, ९०० आणि १२०० हे आकडे दर सेकंदाला किती हवा ओढली ते सांगतात. खोल श्वासाची सवय लावायला ते चांगलं.

स्नायूंची ताकद वाढवणारं यंत्र वेगळं असतं. त्यात श्वास ओढताना अडथळा असतो आणि तो कमी-जास्त करता येतो, जसं डंबेलचं वजन वाढवतात. साधारण ३० श्वास एका वेळी घ्यायचे असतात. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाने २०२१ मध्ये ५० ते ७९ वयाच्या ३६ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ३० श्वास जोरदार अडथळ्याविरुद्ध घेणाऱ्यांचं वरचं बीपी सरासरी ९ अंकांनी कमी झालं. अभ्यास लहान आहे, त्यामुळे बीपीची गोळी बंद करायची नाही. हे यंत्र डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच घ्या. छातीचं, कानाचं किंवा पोटाचं नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी तर नक्कीच.

तिलावत, नमाज आणि रमजान

श्वासाचे व्यायाम म्हटलं की काहींना संकोच वाटतो, हे आपल्या धर्मात बसतं का? वर दिलेल्या व्यायामांत ना मंत्र आहे ना पूजा. रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट ते सगळ्याच रुग्णांना शिकवतात. आणि श्वासाची शिस्त आपल्याला नवी नाही. मक्तबात मूल तजवीद शिकतं तेव्हा कुठं थांबायचं, श्वास कुठं घ्यायचा, शब्द मध्ये तोडायचा नाही, हे सगळं शिकतं. इजिप्तचे कारी अब्दुल बासित अब्दुस्समद यांची तिलावत दीर्घ श्वासासाठी जगभर ओळखली जाते. तिलावत आणि नमाज ही इबादत आहे, ती व्यायाम म्हणून करायची नसते. पण मुलांना तजवीदमध्ये श्वासावर ताबा ठेवायला शिकवलं तर ती सवय आयुष्यभर कामाला येते.

रमजानमध्ये हे साधे व्यायाम करायला अडचण नाही, पोटात काही जात नाही. इन्हेलरबद्दल मात्र उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. म्हणून रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटा. बऱ्याच रुग्णांचे डोस सहरी आणि इफ्तारच्या वेळेला बसवता येतात. मसला आपल्या आलिमांना विचारा. आजारी माणसाला रोज्यात सवलत आहे. मनाने इन्हेलर बंद करून जीव धोक्यात घालू नये. 'पंपाची सवय लागते' हाही गैरसमज आहे. इन्हेलरमध्ये औषध थेट फुफ्फुसात जातं, म्हणून ते थोडंच लागतं.

डॉक्टरकडे कधी?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करा. टीबीची तपासणी आणि औषधं तिथं मोफत आहेत. जिना चढताना नव्याने दम लागू लागला, रात्री झोपल्यावर दम लागून उठावं लागतं, पायांवर सूज आली, तर हृदय, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि फुफ्फुसं तपासायला हवीत. फुफ्फुसांसाठी स्पायरोमेट्री नावाची फुंकण्याची साधी तपासणी असते, ती मागून घ्या. छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, खोकल्यातून रक्त, बोलताना वाक्य पूर्ण न होणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. वेल्ह्याच्या आतल्या वाड्यांमधून पुण्याला पोचायला वेळ लागतो, म्हणून निर्णय लवकर घ्यावा.

या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी एकदा पोटावर हात ठेवून आपला श्वास तपासावा. रोज फजरनंतर पाच मिनिटं, रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं, असा सहा आठवडे नेम ठेवावा. आधी किती पायऱ्यांवर दम लागत होता आणि आता किती, ते वहीत लिहावं. फरक पडला तर अल्हम्दुलिल्लाह. नाही पडला, तर तीच वही घेऊन अम्मीला डॉक्टरकडे न्यावं.