नाव बदलले, टोकन जुनेच

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने आपल्या शहराच्या, म्हणजे औरंगाबादच्या, ‘छत्रपती संभाजीनगर’ या नव्या नावाला संमती दिली. जिल्हा आणि तालुक्याच्या नावाची महसुली अधिसूचना निघायला त्याच वर्षीचा सप्टेंबर उजाडला. रेल्वे स्थानकाचे नाव तर ऑक्टोबर २०२५ मध्ये बदलले. अडीच वर्षांहून अधिक काळ एकाच गावाची दोन नावे वेगवेगळ्या कागदांवर नांदत होती. पाटी एका दिवसात रंगवून होते. पण एखाद्या वेब अ‍ॅपमध्ये हजारो खात्यांना ‘जिल्हा : औरंगाबाद’ अशी नोंद चिकटलेली असेल, तर ती नेमकी कुठे बदलायची? याचे उत्तर ती नोंद मुळात कुठे ठेवली होती, यावर ठरते.

आपण लॉगिन करतो तेव्हा सर्व्हर आधी पासवर्ड तपासतो आणि मग आपल्याबद्दलची काही विधाने गोळा करतो : नाव, ईमेल, भूमिका. प्रोग्रामर त्यांना ‘क्लेम’ म्हणतात. प्रत्येक अ‍ॅपला आपल्या गरजेचे आणखी क्लेम लागतात, उदाहरणार्थ जिल्हा, तालुका, शाखा. हे सगळे एका टोकनमध्ये किंवा कुकीत भरून, त्यावर डिजिटल सही करून ब्राउझरकडे दिले जाते. पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत ते परत येते. सही पटली की काम होते आणि डेटाबेसची फेरी वाचते.

गडबड होते ती जादा क्लेम चालू सत्रातच जोडल्यामुळे. त्या दिवशी सगळे सुरळीत चालते. वापरकर्ता बाहेर पडून पुन्हा आत आला की जिल्हा गायब! कारण नव्या लॉगिनला सर्व्हर ओळख नव्याने बांधतो, आणि डेटाबेसात तर जिल्ह्याची नोंदच केलेली नसते. ‘गूगलने लॉगिन करा’ या सोयीतही तेच. गूगल नाव आणि ईमेल कळवते. तुम्ही पैठणचे की कन्नडचे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

जमिनीच्या व्यवहाराशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला हे चटकन समजेल. हातातल्या सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पेनाने नाव वाढवून कोणी मालक होत नाही. फेरफार मंजूर व्हावा लागतो. मग पुढचा प्रत्येक उतारा आपोआप बरोबर निघतो. टोकन हा उतारा आहे. नोंद खात्यावरच करायची.

बहुतेक प्रणालींत तशी सोय असते. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट कोअर आयडेंटिटीत वापरकर्त्याच्या क्लेमसाठी वेगळा तक्ताच आहे. लॉगिनच्या वेळी त्यातल्या नोंदी ओळखीत भरल्या जातात. गूगलच्या फायरबेस या सेवेत कस्टम क्लेम खात्याला जोडता येतात, तेही फक्त सर्व्हरकडून आणि एकूण १००० बाइटच्या आत. दोन्हीकडे कितीही वेळा लॉगिन केले तरी ते टिकतात.

टिकण्याचीच दुसरी बाजू मात्र त्रासाची आहे. समजा, पैठणच्या तलाठ्याची बदली वैजापूरला झाली आणि डेटाबेसात तशी दुरुस्तीही झाली. तरी त्याच्या हातातल्या टोकनवर पैठणच राहते. फायरबेसच्या टोकनची मुदत एक तास असते, आणि तेवढा वेळ जुना अधिकार चालू शकतो. म्हणून भूमिका आणि अधिकार यांसारख्या वारंवार बदलणाऱ्या गोष्टी टोकनच्या भरवशावर सोडू नयेत. निर्णय महत्त्वाचा असेल तिथे सर्व्हरने मूळ नोंद पाहावी. एक फेरी वाढली तरी चालेल.

नामांतराचा धडा इथेच आहे. क्लेममध्ये जिल्ह्याचे नाव लिहिलेच नसते, तर? २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचा संकेतांक ५१५ होता. क्लेममध्ये तो संकेतांक आणि नाव एका वेगळ्या तक्त्यात ठेवले असते, तर एक ओळ बदलून हजारो खाती दुरुस्त झाली असती. अर्थात सगळेच संकेत कायमचे नसतात. शहरातल्या गाड्यांवरचे एमएच २० तसेच राहिले, पण स्थानकाचा एडब्ल्यूबी जाऊन सीपीएसएन आला. म्हणून नावाच्या अक्षरांवरून बनवलेला संकेत कधीच ओळखक्रमांक म्हणून वापरू नये.

आता टोकन जवळून पाहू. सर्वाधिक वापरातल्या जेडब्ल्यूटी या प्रकाराचे प्रमाणीकरण मे २०१५ मध्ये झाले. टिंबांनी जोडलेले तीन तुकडे, आणि सुरुवात जवळजवळ नेहमी ‘ईवायजे’ या अक्षरांनी. दिसायला ते कूटलिपीसारखे वाटते, पण मधला तुकडा सहसा कुणालाही उलगडून वाचता येतो. सही फक्त खाडाखोड पकडते, मजकूर झाकत नाही. तरीही शिष्यवृत्तीच्या किंवा वसतिगृहाच्या अ‍ॅपमध्ये विद्यार्थ्याचा जात-प्रवर्ग, पालकांचे उत्पन्न, अपंगत्व हे क्लेम म्हणून भरण्याचा मोह होतो, कारण पुढची पाने पटापट उघडतात. ते टोकन सायबर कॅफेतल्या संगणकात उरते, सर्व्हरच्या नोंदवह्यांत (लॉगमध्ये) जाते, मदत मागताना पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्येही दिसते. मराठवाड्यातल्या एखाद्या मुलीने आपला प्रवर्ग कोणाला सांगायचा, हे तिने ठरवायचे आहे. टोकनमध्ये तिचा खातेक्रमांक पुरे. बाकीची माहिती सर्व्हरच्या आत, कुलपात राहू द्यावी.