नाणे वर जात असताना

हातातून सुटलेले नाणे वर चढत असताना, हवेचा अल्पसा विरोध हिशेबात न धरता, त्याच्यावर कोणकोणती बले कार्य करीत असतात, हा प्रश्न पदार्थविज्ञान शिकणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यास विचारून पाहावा. न्यूटनचे तिन्ही नियम ज्यांना मुखोद्गत आहेत असे विद्यार्थीसुद्धा पुष्कळदा निःशंकपणे सांगतात की, हाताने दिलेले बल नाण्यास वर नेते, ते क्रमाक्रमाने क्षीण होते, आणि गुरुत्वाकर्षण त्याहून प्रबळ झाले म्हणजे नाणे खाली परतते. वस्तुतः नाणे हातातून सुटले त्या क्षणीच हाताचा अंमल संपलेला असतो. नाण्यापाशी उरतो तो केवळ वेग, आणि चढताना, उतरताना, इतकेच काय पण शिखरावर वेग शून्य होतो त्या क्षणीही, त्याच्यावर एकट्या गुरुत्वाकर्षणाचीच हुकमत चालू असते.

या उत्तरास अडाणीपणाचा शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते. पिसा येथे अध्यापन करीत असताना, 1590 च्या सुमारास, तरुण गॅलिलिओनेही गतीवरील आपल्या टिपणांत जवळजवळ हीच उपपत्ती मांडली होती. आणि पुढे 1638 मध्ये लायडन येथे छापल्या गेलेल्या त्याच्या अखेरच्या ग्रंथात, जो तीन व्यक्तींच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला आहे, तीच उपपत्ती साग्रेदो हा बुद्धिमान जिज्ञासू बोलून दाखवितो, सिम्प्लिचिओ तिच्यावर शंका घेतो, आणि साल्व्हियाती कारणांचा वाद तूर्त तहकूब ठेवून, पडणारी वस्तू प्रत्यक्षात कशी पडते याचेच मोजमाप आधी करू, असे सुचवितो. चुकीच्या मतास आपली कैफियत पुरती मांडू देण्याचे हे औदार्य आमच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

1985 मध्ये अमेरिकेतील इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनेस यांनी, ज्यांत आकडेमोडीची गरजच पडू नये अशा साध्या प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझुर यांनी ती आपल्या वर्गास दिली, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले की, उत्तरे आपण शिकविल्याप्रमाणे लिहू, की मला स्वतःला वाटते त्याप्रमाणे? परीक्षेसाठी एक आणि जगासाठी दुसरे, अशी दोन पदार्थविज्ञाने एकाच मस्तकात बिनतक्रार नांदू शकतात, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा मिळणे कठीण. माझुर यांनी त्यानंतर व्याख्यान थोडक्यात आटोपून वर्गापुढे प्रश्न ठेवण्याची, प्रत्येकाने आपले उत्तर नोंदविण्याची, मग शेजाऱ्याशी वाद करून ते पुन्हा नोंदविण्याची पद्धत सुरू केली.

प्रश्नास प्रश्नानेच उत्तर देण्याचे सामर्थ्य कोठे असते, हे दुसऱ्या एका गैरसमजुतीवरून ध्यानी येईल. अंतराळस्थानकात माणसे तरंगतात, तेव्हा तेथे गुरुत्वाकर्षण नाही, असे पुष्कळ सुशिक्षितही मानतात. त्यांना चूक म्हणण्याऐवजी इतकेच विचारावे, की गुरुत्वाकर्षण नसेल तर ते स्थानक सरळ रेषेत निघून न जाता पृथ्वीभोवती फिरते कशाने? हा विचार एकदा मनात शिरला, की सुमारे 400 किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण भूपृष्ठावरच्या सुमारे नऊ-दशांश इतके शिल्लक असते, आणि स्थानक व आतली माणसे एकाच गतीने सतत पृथ्वीकडे पडत असल्यामुळेच त्यांना वजन जाणवत नाही, ही माहिती मनात आपली जागा आपणच शोधते. तीच माहिती प्रश्नापूर्वी दिली असती तर बहुधा वहीतच राहिली असती.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना माझी आग्रहाची विनंती आहे की, न्यूटनचे नियम फळ्यावर लिहिण्यापूर्वी एक नाणे वर्गात उडवावे, वर जाणाऱ्या नाण्यावरील बलांचे बाण प्रत्येक मुलाकडून कागदावर काढून घ्यावेत, आणि ते कागद तपासून गुण देण्याची घाई न करता, वर रोखलेला बाण ज्याने काढला असेल त्याला आपली बाजू सर्वांत आधी मांडू द्यावी.