समवेगी सांधे, मोटारगाडीतील : झीज, निदान व दुरुस्ती

चाक वर-खाली होत असताना किंवा सुकाणूने वळविले जात असतानाही दंतचक्रपेटीकडून येणारे परिभ्रमण कोनीय वेगात चढउतार न होता चाकापर्यंत पोहोचविणारा सांधा म्हणजे समवेगी सांधा होय. दोन टोकांना असे सांधे बसविलेल्या चालक दंडाला गॅरेजमध्ये ‘सीव्ही ॲक्सल’ किंवा नुसते ‘ॲक्सल’ म्हणतात. पुढील चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारींत उजव्या व डाव्या चाकासाठी असा एकेक दंड असतो.

हे काम साध्या सार्वत्रिक सांध्याने (‘क्रॉस’ने) समाधानकारक होत नाही. दोन दंडांत ३०° चा कोन असेल व चालक दंड मिनिटाला १,००० फेरे या स्थिर वेगाने फिरत असेल, तरी चालित दंडाचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सु. ८६६ व १,१५५ फेरे या मर्यादांत खाली-वर होतो. वळणाऱ्या चाकाला असे हिसके बसणे परवडणारे नसते. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड रझेपा यांनी गोळ्यांचा समवेगी सांधा तयार केला. १९५९ साली आलेल्या ब्रिटिश ‘मिनी’ मोटारीनंतर त्या धर्तीच्या सांध्यांचा प्रसार झपाट्याने झाला. भारतात ॲम्बॅसिडर व प्रीमियर पद्मिनी या मागील चाकांना शक्ती देणाऱ्या मोटारी होत्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्याबरोबर येथील असंख्य कारागिरांची या सांध्याशी ओळख झाली.

चाकाकडील सांध्यात बाहेरील वाटी व आतील कडे यांच्या वक्र खोबणींत सहसा सहा पोलादी गोळ्या असतात. पिंजऱ्यामुळे त्या नेहमी दोन्ही दंडांमधील कोन दुभागणाऱ्या प्रतलातच राहतात व त्यामुळे दोन्ही दंडांचा वेग सारखा राहतो. दंतचक्रपेटीकडील सांधा बहुधा तीन रुळांचा असतो. रूळ खोबणीत सरकू शकत असल्याने चाकाच्या हालचालीप्रमाणे दंडाची लांबी कमीजास्त होऊ शकते. दोन्ही सांधे वंगण भरून घड्यांच्या रबरी वेष्टनात (बुटात) बंद केलेले असतात.

सांध्याचे आयुष्य मुख्यतः या स्वस्त वेष्टनावर अवलंबून असते. बूट शाबूत असेल, तर सांधा सहसा लवकर झिजत नाही. तो फाटला की केंद्रोत्सारी प्रेरणेने वंगण बाहेर फेकले जाते व पाणी आणि माती आत शिरून दळणकागदासारखे काम करतात. पावसाळ्यात चिखलाच्या रस्त्यांवर हे फार लवकर घडते. चाकाकडील बूट अधिक दुमडत असल्यामुळे बहुधा तोच आधी फाटतो. चाकाच्या आतील बाजूस काळ्या वंगणाचे शिंतोडे दिसणे ही पहिली खूण होय. या वेळी आवाज नसेल, तर सांधा धुऊन, तपासून, नवे वंगण व नवा बूट घालून तो वाचविता येतो.

सुकाणू पूर्ण वळवून वेग देताना येणारा ‘टक्-टक्’ असा लयबद्ध आवाज चाकाकडील सांध्याची झीज दाखवितो. सरळ जाताना वेग देतेवेळी गाडी थरथरणे व वेग सोडताच ती थरथर कमी होणे हे आतील सांध्याचे लक्षण आहे. मात्र असंतुलित चाकामुळे येणारी थरथर वेग सोडल्यावरही राहते. चाकाच्या बेअरिंगचा आवाज घरघरीचा असून वेगाबरोबर वाढतो, तर खड्ड्यातच येणारा ठोका बहुधा निलंबनातील असतो. आवाज कोणत्या बाजूचा, हे आत बसून ठरविणे फसवे असते. गाडी पक्क्या आधारावर उचलून, चाक घट्ट धरून दंड पुढे-मागे पिळला असता सांध्यात जाणवणारी मोकळीक अधिक विश्वसनीय असते.

आवाज करणाऱ्या सांध्यात नुसते वंगण भरणे ही दुरुस्ती नव्हे. खोबणीत पडलेले खड्डे वंगणाने बुजत नाहीत. सांधा निसटला किंवा दंड तुटला, तर विभेदी यंत्रणेमुळे इंजिनाची शक्ती मोकळ्या बाजूने वाया जाते व गाडी जागीच थांबते. त्याहून गंभीर म्हणजे, अशी गाडी गिअरमध्ये ठेवली तरी उतारावर रोखली जात नाही. हातब्रेक व चाकाखालील अडसर हाच आधार उरतो.

दंड काढण्यापूर्वी चाक जमिनीवर असतानाच मधली मोठी चाकी (नट) सैल करतात. मग गाडी उचलून आधारावर ठेवतात, लागेल तेथे दंतचक्रपेटीतील तेल काढतात व खालच्या भुजेचा गोलसांधा सोडवितात. दंड धरून ओढू नये. आतील रूळ वाटीतून निसटतात. पेटीकडील टोक तरफेने हलकेच उचकटावे व तेलरोधक कड्याला इजा होऊ देऊ नये. सांधा उकलताना भागांच्या जागांवर खुणा करून गोळ्या पुन्हा आपापल्या जागी बसवितात. खोबणीत बोटाच्या नखाला अडणारा खळगा, पिंजऱ्यातील चीर किंवा उष्णतेने आलेला निळसर रंग आढळल्यास सांधा बदलावा. मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त वंगणच वापरावे आणि ते निर्मात्याने सांगितलेल्या मापानेच भरावे. पट्टा आवळण्यापूर्वी बुटातील कोंडलेली हवा काढून टाकतात. ठोकून अडकविण्याच्या प्रकारची चाकी नवीच घालून ठरावीक परिबलाने आवळतात.

कारखान्यात खोबणी पुन्हा घासून थोड्या मोठ्या गोळ्या बसविलेले पुनर्निर्मित दंडही काही ठिकाणी मिळतात. या घासण्यात खोबणीच्या पृष्ठभागावरील कठीण थर शिल्लक राहिला असेल, तरच असा दंड टिकतो.