कल्पित प्राणी आणि त्याचा सांगाडा

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील चिनी विचारवंत हान फेई यांच्या ग्रंथात एका चित्रकाराची गोष्ट आली आहे. चितारण्यास सर्वांत कठीण काय, असे राजाने विचारले असता चित्रकाराने कुत्रा आणि घोडा यांची नावे सांगितली. सर्वांत सोपे काय, या प्रश्नाला भूतपिशाच्चे असे त्याचे उत्तर होते. कुत्रा आणि घोडा लोकांच्या नित्य पाहण्यातले असल्याने त्यांच्या चित्रातील चूक तत्काळ ध्यानात येते. भूत कोणी पाहिलेलेच नसते. मग ते चुकले असे कोण म्हणणार?

व्हिडिओ खेळांसाठी कल्पित प्राणी घडविण्याच्या आजच्या व्यवसायात मात्र हा युक्तिवाद टिकत नाही. येथे भुताला चालावे लागते, धावावे लागते, उडी मारून जमिनीवर उतरावे लागते. आणि खेळणारा त्याच्याभोवती फिरून त्याला सर्व बाजूंनी पाहू शकतो. चित्रात लपलेली चूक चालण्यात उघडी पडते. म्हणूनच या व्यवसायात शिरू इच्छिणाऱ्या तरुणाने प्रथम समजून घ्यावयाचे ते हे, की कल्पित प्राण्यालाही खरा सांगाडा लागतो.

या व्यवसायाचा प्रारंभ अगदी साध्या ठिपक्यांतून झाला. जपानमधील तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तयार केला, तेव्हा पडद्यावरील एका परग्रहवासीयाला अवघ्या ८ ठिपक्यांची उंची मिळत होती. तेवढ्या जागेसाठी निशिकादो यांनी खेकडा, माकूल आणि ऑक्टोपस यांच्या आकृतींचा आधार घेतला. १९९६ साली आलेल्या पहिल्या ‘पोकेमॉन’ खेळांत १५१ प्राणी होते, आणि ते १६० गुणिले १४४ ठिपक्यांच्या, केवळ चार छटा दाखविणाऱ्या पडद्यावर ओळखू येणे आवश्यक होते. या खेळाची मूळ कल्पना ज्यांची, त्या सातोशी ताजिरी यांना बालपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. कल्पित प्राण्याचा उगम पाहिलेल्या प्राण्यात असतो, ही गोष्ट त्या काळापासूनच स्पष्ट होती.

पुढे खेळ त्रिमितीय झाले आणि काम अनेक टप्प्यांत विभागले गेले. प्रथम कागदावर किंवा संगणकाच्या पडद्यावर प्राण्याची रेखाचित्रे काढली जातात. समोरून, बाजूने आणि मागून तो कसा दिसेल हे त्यांत ठरते. त्यानंतर झेडब्रश किंवा ब्लेंडर यांसारख्या प्रणालीत मूर्तिकार माती घडवितो त्याप्रमाणे प्राण्याचे शिल्प तयार होते. या शिल्पात लक्षावधी लहान लहान पृष्ठे असतात. ती सर्व खेळ चालू असताना हलविणे यंत्राला झेपत नाही. यास्तव त्याच आकाराची, परंतु फार कमी पृष्ठांची दुसरी जाळी तयार केली जाते आणि सुरकुत्या, खवले इत्यादी बारकावे तिच्यावर चित्ररूपाने चढविले जातात. शेवटी या जाळीच्या आत हाडांचा एक अदृश्य सांगाडा बसवितात. कोणते हाड हलले असता कातडीचा कोणता भाग किती ओढला जावा, हेही ठरवावे लागते. मोठ्या संस्थांत हे टप्पे निरनिराळ्या व्यक्तींकडे असतात. लहान संस्थांत एकाच कलावंताला ते सर्व सांभाळावे लागतात.

या अखेरच्या टप्प्यावरच प्रारंभीच्या रेखाचित्राची परीक्षा होते. कुत्र्याच्या मागच्या पायात जो उलटा वाकलेला गुडघा वाटतो, तो वस्तुतः गुडघा नसून टाच असते; खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. ज्याला हे ठाऊक नाही, त्याने काढलेला लांडगा उभा असताना शोभून दिसतो, पण पहिले पाऊल टाकताच त्याचा पाय मोडल्यासारखा वाटतो. पंख असलेल्या ड्रॅगनचेही असेच आहे. पक्ष्याचा व वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच होय. चार पाय असलेल्या प्राण्याला वर दोन पंख द्यावयाचे, तर दुसऱ्या खांद्यासाठी आणि पंख हलविणाऱ्या छातीच्या स्नायूंसाठी देहात जागा शोधावी लागते. २०११ सालच्या ‘स्कायरिम’ या खेळातील ड्रॅगनांना दोनच पाय आहेत, आणि जमिनीवर ते पंखांचा पुढच्या पायांप्रमाणे उपयोग करून चालतात.

आकार वाढविणे हीदेखील केवळ मापे वाढविण्याची गोष्ट नाही. प्राण्याची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली की त्याचे वजन आठपट होते, परंतु ते पेलणाऱ्या हाडाचा छेद चौपटच वाढतो. हे तत्त्व गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले होते. हत्तीचे पाय खांबासारखे सरळ आणि हरणाचे काटकुळे का, याचे उत्तर त्यात आहे. सरड्याचे चित्र नुसते मोठे केले, तर राक्षसी प्राण्याचा भास होत नाही; जवळून पाहिलेला सरडाच दिसतो.

तथापि शरीररचना बिनचूक असणे एवढेच पुरेसे नाही. खेळणाऱ्याला क्षणार्धात कळावे लागते, की या प्राण्याचे तोंड कोठे, तो कोणत्या बाजूने झेप घेणार आणि त्याचे मर्मस्थान कोणते. यासाठी कलावंत प्राण्याची आकृती पूर्ण काळी भरून पाहतात. नुसत्या छायेवरून तो ओळखू आला नाही, तर रंग आणि तपशील त्याला वाचवू शकत नाहीत. २००५ सालच्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ या खेळात सोळा महाकाय आहेत, आणि खेळणारा त्यांच्या केसाळ अंगाला धरून वर चढतो. तेथे प्राण्याचे शरीर हीच वाट होय. २०१३ सालच्या ‘द लास्ट ऑफ अस’मधील भीषण आकृती मुंग्यांच्या शरीरात वाढणाऱ्या एका खऱ्या बुरशीवरून सुचल्या होत्या.

अनेक प्राण्यांचे अवयव एकत्र करून नवा प्राणी निर्माण करण्याची कला भारताला नवीन नाही. दक्षिणेतील मंदिरांच्या खांबांवरील याळी, महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाजांवरील शरभ आणि ओडिशातील नवगुंजर ही तिची उदाहरणे होत. नवगुंजराच्या देहात नऊ प्राण्यांचा अंश आहे. त्याचे तीन पाय हत्ती, वाघ आणि घोडा किंवा हरीण यांचे, तर चौथ्या जागी मनुष्याचा हात असतो. पटचित्रात तो डौलाने उभा राहतो. पण त्याला चालवावयाचे ठरविले, तर हत्तीचा जड तळवा, बोटांवर चालणारा वाघाचा पंजा आणि नखाचेच रूप असलेला खूर यांची एक चाल कशी बसवावी? या प्रश्नाशी एक महिना झुंजणारा विद्यार्थी कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून अधिक शिकेल. भारतीय परंपरेतून खेळ घडविण्याचे प्रयत्नही झाले आहेत. पुण्यातील एका लहान संस्थेने तयार केलेला ‘राजी’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला.

तयारीची साधने महाग नाहीत. ब्लेंडर ही प्रणाली विनामूल्य मिळते. निरीक्षणासाठी गोठा, रस्त्यावरची कुत्री आणि प्राणिसंग्रहालय आहेत. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयासारख्या ठिकाणी सांगाडेही पाहता येतात. काम मागावयास जाताना पन्नास अर्धवट चित्रांपेक्षा पूर्णत्वास नेलेले तीन-चार प्राणी, त्यांच्या जाळीसह व हालचालीसह दाखविणे अधिक उपयोगी पडते.

या मार्गात अनिश्चितता आहे, हेही सांगितले पाहिजे. २०२३ आणि २०२४ या वर्षांत जगभरातील खेळनिर्मिती संस्थांतून हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. २०२२ पासून शब्दांवरून चित्र काढून देणाऱ्या प्रणाली सर्वत्र पसरल्या असून, आरंभीची रेखाचित्रे काढणाऱ्यांना त्यांची झळ जाणवू लागली आहे. अशा वेळी केवळ आकर्षक चित्र काढता येणे हा दुबळा आधार ठरतो. जे चित्र आले आहे, त्यातील प्राणी उभा राहू शकेल का, त्याचा सांधा कोठे वाकेल, त्याचे वजन कोणत्या पायावर आहे, हे ओळखून दुरुस्त करणारी दृष्टी अधिक भरवशाची असते. शिवाय ती हालचालपट, वैद्यकीय चित्रकला आणि लुप्त प्राण्यांची पुनर्रचना या क्षेत्रांतही कामी येते.

‘किंग काँग’ हा १९३३ सालचा चित्रपट पाहून भारावलेले रे हॅरीहाउझेन विद्यार्थिदशेत आपल्या डायनोसॉरच्या प्रतिकृती घेऊन त्या चित्रपटाचे कारागीर विलिस ओब्रायन यांना भेटले होते. ओब्रायन यांना त्या प्रतिकृतींचे पाय सॉसेजसारखे वाटले. त्यांत स्नायू दिसत नव्हते. त्यांनी मुलाला शरीररचनेचा अभ्यास करण्यास सांगितले, आणि मुलाने ते ऐकले. पुढे १९४९ सालच्या ‘मायटी जो यंग’ या चित्रपटासाठी दोघांनी एकत्र काम केले. साधने तेव्हापासून पूर्णपणे बदलली. सल्ला मात्र तोच राहिला आहे. ज्याला भूत घडवावयाचे आहे, त्याने आधी कुत्रा आणि घोडा काढावयास शिकावे.